एक्याण्णवावं स्तोत्र आणि विटेनबर्गचा प्लेग

मराठी ख्रिस्ती घरात आजारपण शिरलं की बायबलमधलं ९१वं स्तोत्र उघडलं जातं. देवाचा आसरा धरणाऱ्याला तो पंखांखाली घेईल, शेजारी हजार पडले तरी मरी त्याच्या तंबूला शिवणार नाही, असा त्याचा आशय. २०२०मध्ये, कोरोनाच्या साथीत, ते फोनाफोनांवरून फिरत होतं. मी धर्मशिक्षणाच्या महाविद्यालयात मंडळीचा इतिहास शिकवतो. वचन खरं, तर प्रार्थना करणारी माणसं का गेली, हे त्या दिवसांत विद्यार्थी मला सतत विचारत.

मी त्यांना आधी मत्तय आणि लूक यांच्या शुभवर्तमानांचे चौथे अध्याय उघडायला सांगतो. तिथे हेच स्तोत्र सैतान म्हणून दाखवतो. मंदिराच्या उंच टोकावर येशूला उभं करून तो उडी मारायला सांगतो. देवदूत झेलतील असं लिहिलंच आहे ना! येशू वचन खोटं ठरवत नाही. देवाची परीक्षा पाहू नये, एवढंच अनुवादाच्या पुस्तकातून सांगतो आणि उडी मारत नाही.

मग आम्ही १५२७ सालाकडे वळतो. त्या ऑगस्टमध्ये जर्मनीतल्या विटेनबर्गला प्लेग आला. विद्यापीठ येना गावी हललं. तिथल्या शासकाने धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरलाही निघून जाण्याचा हुकूम दिला. तो गेला नाही. सहकारी बुगेनहागेनबरोबर तो मागे राहिला. पत्नी काटारीना गरोदर, थोरला हान्स जेमतेम वर्षाचा, आणि राहतं घर, म्हणजे जुना मठ, आजाऱ्यांनी भरलेलं. नगराध्यक्षाची बायको जवळजवळ त्याच्या हातांवर गेली. हान्सही आजारी पडून खाईनासा झाला होता.

याच धामधुमीत ब्रेस्लाऊचे पाळक योहान हेस यांनी विचारलेल्या प्रश्नाला त्याने छापील पत्रातून उत्तर दिलं. प्रश्न होता, मरी आली तर ख्रिस्ती माणसाने पळावं का? ल्यूथरने सरसकट हो किंवा नाही म्हटलं नाही. पाळक, अधिकारी, वैद्य, आजाऱ्याचा दुसरा कोणी आधार नसेल तर शेजारी, यांनी जागा सोडू नये. ज्याच्यावर कोणी अवलंबून नाही त्याने खुशाल जावं. जीव वाचवण्याची इच्छा देवानेच दिली आहे. औषध घ्या, घरात धुरी द्या, गरज नसेल तिथे जाऊ नका, असं तो बजावतो. औषधाला तुच्छ मानून ‘देव राखील’ म्हणणारे त्याच्या मते देवाची परीक्षा पाहतात, आणि आपला रोग जाणूनबुजून दुसऱ्यांत मिसळणारे खुनी ठरतात. दफनभूमी गावाबाहेर हवी, आजाऱ्यांसाठी सार्वजनिक रुग्णालयं हवीत, इथपर्यंत तो येतो. श्रद्धेच्या पत्रात दफनभूमीची जागा यावी, हे मला फार मोलाचं वाटतं.

या पत्रात ९१वं स्तोत्रही आहे. ते येतं आजाऱ्याची सेवा करणाऱ्यासाठी: तू या अंथरुणापाशी बस, तुझी काळजी देवदूत घेतील. सैतानाने ते उडीसाठी वापरलं. ल्यूथरने ते पाय रोवून राहणाऱ्याला दिलं. माझ्या मते स्तोत्राचा खरा धनी हाच माणूस.

पण त्यालाही मृत्यू टळतोच असं नाही. डिसेंबरमध्ये ल्यूथरला मुलगी झाली, एलिझाबेथ. पुढच्या ऑगस्टमध्ये, आठ महिन्यांचीही न होता, ती गेली. बापाचं काळीज लेकरासाठी इतकं हळवं होतं हे आपल्याला कधी ठाऊक नव्हतं, असं त्याने मित्राला कळवलं. दानीएलाच्या पुस्तकात, मूर्तीपुढे न वाकल्यामुळे भट्टीत टाकले जाणारे शद्रख, मेशख, अबेदनगो राजाला सांगतात, आमचा देव या भट्टीतून सोडवू शकतो; आणि त्याने नाही सोडवलं, तरी तुझ्या मूर्तीपुढे आम्ही वाकणार नाही. ख्रिस्ती भरवसा या दुसऱ्या वाक्यावरही उभा आहे.

म्हणून घरातलं माणूस गेलेल्यांना ‘तुमचा विश्वास कमी पडला’ असं सुनावणाऱ्या उपदेशकांचा मला मनापासून संताप येतो. पाळक होऊ घातलेल्या माझ्या विद्यार्थ्यांना मी सांगतो, अशा घरी ९१व्या स्तोत्राआधी ८८वं वाचा. त्यात शेवटपर्यंत तक्रार आहे, आणि ती देवापाशीच केलेली आहे. वाचून झालं की लगेच बोलू नका. त्या घरातल्यांना आधी बोलू द्या.