बारा म्हणजे बारा

होसकोटे हे नाव मराठी माणसाला अगदीच परकं नसावं. शहाजीराजांच्या बंगळुरूच्या जहागिरीत ते होतं. गावाला लागून दक्षिण पिनाकिनीच्या पाण्याचा मोठा तलाव आहे. येत्या रविवारी तिथे आमची कायाकिंगची सहल आहे. परवानगी मिळाली आहे. आम्ही 12 जण: काही कोर्समेट, त्यांची कुटुंबं आणि 3 जवान.

तयारी म्हटलं की सगळे सामानाची यादी मागतात. ती छोटी आहे. लाइफ जॅकेट, शिट्टी, दोरी, टोपी, पिण्याचं पाणी. जॅकेट खांद्यांजवळ धरून वर ओढून पाहायचं. हनुवटीपर्यंत सरकलं तर पट्टे ढिले आहेत. निघायचं पहाटे, कारण ऊन चढल्यावर वारा सुटला की परतताना हात भरून येतात. जलपर्णी, कोळ्यांची जाळी आणि पक्ष्यांचे थवे, तिन्हींपासून लांब राहायचं.

खरी तयारी वेगळीच. पोहता कोणाला येत नाही, हे जमिनीवर असतानाच कळायला हवं. फौजेत ते सहज कळत नाही. चारचौघांत विचारलं की उत्तर एकच, "येस सर!" खडकवासल्याच्या पीकॉक बेपासून मी ते ऐकत आलोय. कोरड्या गावातल्या पोराला पोहणं येणार कुठून? आणि त्यात लाज कसली? चांदवडजवळच्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ विहिरी खणणाऱ्या घरातला. रोइंग शिकला तो लष्करात आल्यावर, आणि 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये सिंगल स्कल्सला 13 वा आला.

म्हणून मी एकेकाला बाजूला घेऊन विचारतो, "शेवटचं कुठे पोहलास?" काल जतकडचा एक जवान जरा थांबून म्हणाला, "साहेब, कधीच नाही." दोन सीटच्या कायाकमध्ये तो आता माझ्याबरोबर.

शनिवारी स्विमिंग पूलमध्ये प्रत्येकानं मुद्दाम कायाक उलटवायची. उलटली तरी ती तरंगते. तिला धरून राहायचं, शिट्टी वाजवायची; काठ जवळ दिसला तरी पोहत सुटायचं नाही. पट्टीच्या पोहणाऱ्यालाही यातून सूट नाही. रविवारी सगळ्यांत पुढे एक अनुभवी, सगळ्यांत मागे एक अनुभवी, आणि वेग सगळ्यांत हळू माणसाचा. दर 15 मिनिटांनी गिनती. बारा म्हणजे बारा.

शनिवारी त्या जवानाला नको वाटलं, तर रविवारी तो काठावर चहा सांभाळेल आणि गिनती अकराची होईल. त्यावर कोणी एक शब्दही बोलणार नाही. हा हुकूम आहे.