जावं, पण गावाच्या वेळेनं

किनाऱ्यावरचं लहान गाव जपायचं असेल तर तिथं जाऊच नये, असं माझं बरीच वर्षं ठाम मत होतं. यंदा कोकणात कुठं जावं असं कुणी विचारलं की मी नाव सांगायला टाळाटाळ करायचे. माहीत असलेली जागा स्वतःपाशी ठेवणं हीच तिची सेवा, असं मनापासून वाटे. आता मी लोकांना आवर्जून जायला सांगते. मत का बदललं ते नीट सांगायला हवं, कारण जुन्या मतामागची कारणं काही खोटी नव्हती.

दापोलीजवळच्या मुरुड-कर्दे किनाऱ्यावर सुटीच्या दिवशी गेलेल्या कुणालाही ती कारणं पटतील. ओल्या वाळूवर चारचाक्या धावतात, भरतीच्या पाण्यात रुततात, मग गावातली पोरं दोर घेऊन पळतात. वाळूच्या उंचवट्यावर मर्यादवेल पसरलेली असते, जांभळट फुलांची, दिसायला साधीच. वाऱ्यानं उडणारी वाळू तीच धरून ठेवते. गाड्या लावायला जागा हवी म्हणून आधी तुडवली जाते तीही तीच.

पाण्याची गोष्ट तर याहून जिव्हारी लागणारी. कोकणात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तरी एप्रिल-मेमध्ये कित्येक विहिरी तळ गाठतात. जांभ्या दगडात पाणी थांबत नाही, झिरपून समुद्राला मिळतं. नेमक्या त्याच दिवसांत चाकरमानी घरी आलेले असतात, आंबा उतरवायची घाई असते, आणि त्यातच आपण जातो. समुद्रातून आलं की अंगावरची वाळू निघेस्तोवर शॉवरखाली उभे राहतो. किनाऱ्यालगतच्या विहिरीतून उपसा वाढला की गोड्या पाण्याची पातळी उतरते, खारं पाणी आत सरकतं आणि विहीर मचूळ होते. पाहुणा दोन दिवसांनी निघून जातो. घरच्यांना मात्र त्याच विहिरीवर वर्ष काढायचं असतं.

हे सगळं आजही मला तितकंच खरं वाटतं. माझं मत हललं ते वेळासला.

वेळास मंडणगड तालुक्यात, बाणकोटच्या जवळ. नाना फडणवीसांचं मूळ गाव म्हणून ते ओळखलं जातं. २००२ मध्ये चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेची माणसं समुद्री गरुडांची पाहणी करत किनारे फिरत होती, तेव्हा तिथं त्यांना कासवांची उकरलेली घरटी दिसली. अंडी माणसं नेत होती, उरलेली कुत्री आणि कोल्हे खात होते. ऑलिव्ह रिडले कासवाला १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं पूर्ण संरक्षण आहे, पण रात्री किनाऱ्यावर कायदा येऊन उभा राहत नाही. संस्थेनं गावातल्याच लोकांना हाताशी धरलं. पहाटे किनारा चालायचा, मादीच्या मागावरून घरटं शोधायचं, शंभरेक अंडी अलगद उचलायची आणि जाळीच्या कुंपणात तेवढ्याच खोल खड्ड्यात पुन्हा ठेवायची. २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला आणि गावातल्या घरांनी पाहुण्यांसाठी दारं उघडली.

मी गेले ती भाचीनं हट्ट धरला म्हणून. मनात धाकधूक होती की इथंही जत्राच असणार. गर्दी होतीच. सकाळी दोरीच्या अलीकडे आम्ही सगळे उभे होतो. घरटी राखणाऱ्या गावातल्या कासवमित्रानं घरट्यांवरच्या टोपल्या एकेक करून उचलल्या. खाली नुसती वाळू. माझ्या शेजारचे गृहस्थ म्हणाले, “रात्रभर गाडी चालवून आलोय, काहीतरी दाखवा हो.” त्या पोरानं टोपली पुन्हा नीट बसवली. “दादा, ती त्यांच्या वेळेनं येणार. संध्याकाळी या.” त्याच्या बोलण्यात अजिजी नव्हती, उर्मटपणाही नव्हता. पाहुणा नाराज होऊ नये म्हणून तो वाळू उकरून पाहणार नव्हता, एवढं सगळ्यांना कळलं.

ज्यांच्याकडे उतरलो होतो त्या काकूंना मी पोहे खाताना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, “रोज कुणीतरी असं म्हणतंच. कासवं काय आमच्या हातात आहेत? पण तुम्ही येता, चार पैसे घरात येतात, म्हणून गावाला त्यांची पडलीय हो. आमच्या लहानपणी ही अंडी घराघरात शिजायची.” हे त्यांनी काही लपवायचं असल्यासारखं सांगितलं नाही. मग उठून आत गेल्या आणि कोकमाच्या आगळाची बाटली घेऊन आल्या, घरचंच आहे म्हणाल्या.

त्या वाक्यापाशी मी अडले. माझ्या न जाण्यानं वेळासचं एकही घरटं वाचलं नसतं. गावाला अंड्यांपेक्षा पिल्लांतून जास्त मिळायला लागलं, आणि ते घरोघर मिळायला लागलं, म्हणून किनारा राखला गेला. पैसा बाहेरच्या मालकाच्या रिसॉर्टमध्ये गेला असता तर पहाटे उठून किनारा चालायचं गावातल्या पोराला काय कारण होतं? आणि पैसा घरात येत असल्यामुळेच अटी घालायचं बळ गावाकडे होतं. आंघोळीला एक बादली कढत पाणी, जेवण ठरल्या वेळी आणि घरात शिजलेलं, दोरीच्या पुढे पाऊल नाही, फ्लॅश नाही. मी आजवर पाहुण्यांची संख्या मोजत आले होते. वेळ कोण ठरवतं, पाहुणा की गाव, याचा विचार मी केलाच नव्हता.

संध्याकाळी तीन पिल्लं निघाली. तळहातावर सहज मावतील एवढी, काळपट राखाडी, डोळ्यांच्या पापण्यांवर वाळूचे कण. त्यांना थेट पाण्यात सोडत नाहीत. थोडं अलीकडे ठेवतात, कारण वाळूवरून चालत जातानाच हा किनारा त्यांच्यात ठसतो असं मानतात. त्यातलं एक पिल्लू माणसाच्या पावलाच्या ठशात पडलं. पुढचे दोन्ही वल्ह्यांसारखे पाय मारत ते टाचेच्या खळग्यात गोल फिरत राहिलं, कड चढता येईना. बऱ्याच वेळानं वर आलं. दोरी कशासाठी असते ते त्यानंतर कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

तिथून परतताना हर्णैच्या बंदरावर थांबलो. संध्याकाळचा लिलाव चालू होता. बोटी जरा आत उभ्या आणि मासळी बैलगाड्यांतून वाळूवर येत होती. सवयीनं मी सुरमई विचारली. टोपली घेऊन बसलेली कोळीण म्हणाली, “ताई, सुरमई बर्फातली हाय. बांगडा बघ, आत्ताच उतरलाय.” पाहुण्यांना थाळीत सुरमई आणि पापलेटच हवं असतं, म्हणून ते मिळत नसेल तर लांबून आणतात, नाहीतर लहान आकाराचं धरतात. पापलेट २०२३ मध्ये राज्य मासा म्हणून जाहीर झालं. त्याच वर्षी सरकारनं ५० हून अधिक जातींचे मासे किती लांबीच्या आत धरू नयेत तेही ठरवून दिलं. पण ताटात बोटभर पापलेट आलं तर ते परत पाठवणारं गिऱ्हाईक मी अजून पाहिलेलं नाही. मी आता खानावळीत एवढंच विचारते, आज बंदरात काय आलं? मग कधी बांगडा, कधी सौंदाळे, कधी नुसती तारली. जून-जुलैत मासेमारी बंद असते, त्या दिवसांत गेले तर सुकटीचं कालवण आणि भात.

मेमध्ये मी जात नाही आणि कुणाला सुचवतही नाही. डिसेंबर-जानेवारीत विहिरींना पाणी असतं, आठवड्याच्या मधल्या दिवसांत खोल्या रिकाम्या असतात आणि घरच्यांना बोलायला सवड असते. एका दिवसात तीन किनारे पाहून घरी परतणाऱ्या मित्रमंडळींशी माझे आता या एका मुद्द्यावर वाद होतात. सकाळी येऊन संध्याकाळी जाणारा माणूस डबा घरून आणतो, कचरा इथं ठेवतो, विहिरीचं पाणी वापरतो आणि गावातल्या एकाही घरात पैसा देत नाही. पूर्वी मी डबा घरून नेणाऱ्यालाच चांगला प्रवासी समजत होते.

जुनी भीती मात्र एका ठिकाणी अजून शिल्लक आहे. हरिहरेश्वरच्या बाजूनं वेळासला यायचं तर बागमांडल्याहून जंगलजेटीनं, म्हणजे गाड्या वाहणाऱ्या बोटीनं, खाडी ओलांडावी लागते. जेटीवर मोजक्या गाड्या मावतात, रांग लागते, तासभर मोडतो. या खोळंब्यामुळे कितीतरी धावते पाहुणे गाळले जातात. रेवस-रेडी सागरी महामार्गाच्या योजनेत बाणकोट खाडीवरचा पूलही आहे. पूल गावाला हवाच आहे. आजारी माणसाला रात्री न्यायचं तर जेटीची वाट कोण पाहणार, असं काकूच म्हणाल्या, आणि त्यावर मला बोलण्यासारखं काही नव्हतं. पण त्या रस्त्यानं येणारी गर्दी टोपलीशी ताटकळत उभी राहील का, की काहीतरी दाखवाच म्हणेल? तेव्हाही नाही म्हणायचं बळ गावाकडे राहायला हवं. ते बळ मुक्कामाला येणाऱ्या माणसांच्या पैशातून येतं, म्हणून भाचीबरोबर जायला पुढच्या हंगामाची खोली मी आत्ताच सांगून ठेवली आहे.