जहाजावरचा हुकूम आणि दफ्तरातले टिपण

नौदलातील जबाबदारीची कल्पना समजून घ्यायची असेल, तर पदांची उतरंड पाहण्यापेक्षा ‘नाइट ऑर्डर बुक’ नावाची एक साधी वही पाहणे अधिक उपयोगाचे ठरते. युद्धनौकेचा कॅप्टन रात्री विश्रांतीला जाण्यापूर्वी या वहीत जहाजाने कोणती दिशा आणि किती वेग राखायचा, कोणते दीपगृह कधीच्या सुमारास दिसायला हवे, दुसरे जहाज किती अंतरावर आले की आपल्याला उठवायचे, हे लिहून ठेवतो. आणि रात्रीच्या पाळीवर, म्हणजे नौदलाच्या भाषेत ‘वॉच’वर, येणारा प्रत्येक अधिकारी ते वाचल्याची सही करतो. पहाटे जहाज खडकाला लागले, तर त्या वेळी ब्रिजवर, म्हणजे जहाज जेथून चालवले जाते त्या उंचावरील कक्षात, उभ्या असलेल्या अधिकाऱ्याची चौकशी होतेच, पण झोपेत असलेल्या कॅप्टनचीही तिच्यातून सुटका होत नाही. काम दुसऱ्यावर सोपवता येते, उत्तरदायित्व सोपवता येत नाही, हे तत्त्व नौदलाच्या अधिकाऱ्यात असे रोजच्या सरावाने मुरते.

दफ्तरातला कारभार उलट्या दिशेने चालतो. प्रस्ताव कक्ष अधिकाऱ्याच्या टिपणापासून निघतो, अवर सचिव, उपसचिव, सहसचिव असे टप्पे चढत वर जातो, वाटेत वित्त आणि विधी विभागांचे अभिप्राय गोळा करतो, आणि नस्तीवर शेवटची सही होईपर्यंत त्या निर्णयाला इतके हात लागलेले असतात की तो कोणा एकाचा म्हणून दाखवता येत नाही. या रीतीला केवळ दिरंगाई म्हणणे अन्यायाचे होईल, कारण लोकांचा पैसा आणि लोकांचे हक्क गुंतलेले असताना एका माणसाच्या मर्जीवर काही सोडू नये, अशा हेतूनेच ती घडवलेली आहे. चाळीसेक वर्षे पहिल्या रीतीत घालवलेला अधिकारी दुसरीत प्रवेश करतो तेव्हा नेमके काय होते, हा प्रश्न निवृत्तीनंतरच्या गौरवलेखांत मात्र क्वचितच येतो. त्यांत पदकांची यादी संपली की थेट राजभवन सुरू होते.

काही अधिकाऱ्यांच्या बाबतीत हे अंतर फारसे जाणवले नाही, कारण त्यांचे नागरी कामही समुद्राशीच निगडित होते. १९७१च्या युद्धात नौदल प्रमुख असलेले अ‍ॅडमिरल एस. एम. नंदा त्याआधी सेवेत असतानाच मुंबईच्या माझगाव गोदीचे व्यवस्थापकीय संचालक होते, आणि त्याच गोदीत बांधलेली ‘निलगिरी’ ही फ्रिगेट, म्हणजे काफिल्यांच्या संरक्षणासाठी व पाणबुड्यांच्या शोधासाठी वापरली जाणारी मध्यम आकाराची युद्धनौका, ते प्रमुखपदी असताना ३ जून १९७२ रोजी ताफ्यात दाखल झाली. निवृत्तीनंतर ते शिपिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडियाचे अध्यक्ष झाले. माजी नौदल प्रमुख अ‍ॅडमिरल आर. एच. ताहिलियानी यांना निवृत्तीनंतर समुद्राशी संबंध नसलेले सिक्कीमचे राज्यपालपद मिळाले, तरी लोकनियुक्त सरकार असलेल्या राज्यात राज्यपालाच्या हाती कारभाराची सूत्रे बेताचीच असतात.

खरी कसोटी दिसते ती अ‍ॅडमिरल देवेंद्रकुमार जोशी यांच्या कारकिर्दीत. पाणबुडीविरोधी युद्धतंत्रात प्रावीण्य मिळवलेला, ‘विराट’ या विमानवाहू नौकेचे कप्तानपद भूषवलेला आणि तिन्ही दलांच्या पहिल्या संयुक्त कमांडचे, म्हणजे अंदमान-निकोबार कमांडचे, नेतृत्व केलेला हा अधिकारी ऑगस्ट २०१२ मध्ये नौदल प्रमुख झाला. १४ ऑगस्ट २०१३ रोजी मुंबईच्या नौदल गोदीत ‘सिंधुरक्षक’ ही पाणबुडी स्फोटांनी बुडाली आणि तिच्यावरील १८ जण मृत्युमुखी पडले. २६ फेब्रुवारी २०१४ रोजी मुंबईजवळच्या समुद्रात ‘सिंधुरत्न’ या पाणबुडीवर धूर कोंडून दोन अधिकाऱ्यांचा अंत झाला. त्याच दिवशी जोशींनी नैतिक जबाबदारी स्वीकारून राजीनामा दिला, आणि तो तत्काळ मंजूरही झाला. पदावर असलेल्या नौदल प्रमुखाने अशा कारणासाठी पायउतार होण्याचा हा पहिलाच प्रसंग होता.

या राजीनाम्याकडे केवळ त्याग म्हणून पाहिले, तर त्यातील अर्धीच गोष्ट हाती लागते. काही महिन्यांनी एका वृत्तवाहिनीला दिलेल्या मुलाखतीत जोशींनी जो मुद्दा मांडला, तो असा की संरक्षण व्यवस्थेत तांत्रिक जाण आणि उत्तरदायित्व एकीकडे, तर खर्चाचे व मंजुरीचे अधिकार दुसरीकडे अशी फारकत झाली आहे. ‘सिंधुरत्न’सारखी पाणबुडी पाण्याखाली असताना बॅटरीच्या विजेवर चालते, त्या बॅटऱ्यांचे आयुष्य ठरलेले असते, आणि त्या बदलण्याची मंजुरी जर नौदलाच्या हाती नसेल, तर पाणबुडीच्या सुरक्षिततेचा जाब मात्र नौदलानेच का द्यायचा, हा त्यामागचा सवाल होता. ज्याच्याकडे अधिकार त्याच्याकडे उत्तरदायित्व, हे जहाजावर गृहीत धरलेले समीकरण दफ्तरात कसे सुटे होते, याचे याहून नेमके निदान त्या पदावरच्या माणसाकडून क्वचितच झाले असेल.

ऑक्टोबर २०१७ मध्ये जोशी अंदमान आणि निकोबारचे नायब राज्यपाल झाले. या केंद्रशासित प्रदेशाला विधानसभा नाही, लोकसभेत त्याचा एकच खासदार असतो, आणि राष्ट्रपतींच्या वतीने, केंद्रीय गृह मंत्रालयाच्या देखरेखीखाली, नायब राज्यपाल स्वतः प्रशासन चालवतात. त्यामुळे हे पद राज्याच्या राज्यपालापेक्षा कॅप्टनच्या पदाला अधिक जवळचे आहे. मुख्य भूमीपासून सुमारे १,२०० किलोमीटर दूर, उत्तर-दक्षिण ७०० किलोमीटरांहून अधिक पसरलेल्या या बेटांवर धान्य, औषध, रुग्ण आणि परीक्षेला निघालेला विद्यार्थी हे सारेच जहाजाच्या किंवा हेलिकॉप्टरच्या फेरीवर अवलंबून असतात, म्हणून येथे नौदलातला माणूस उपरा ठरत नाही. चेन्नईहून पोर्ट ब्लेअर व इतर बेटांपर्यंत समुद्रतळावरून टाकलेली सुमारे २,३०० किलोमीटरची दूरसंचार केबल १० ऑगस्ट २०२० रोजी सुरू झाली, आणि तोवर उपग्रहाच्या तुटपुंज्या क्षमतेवर चालणारे इंटरनेट सुधारले. श्रेय अर्थात केंद्राच्या निधीचे आणि बीएसएनएलचेही आहे, परंतु हवामान, पुरवठा आणि वेळापत्रक यांचा मेळ घालण्याच्या अशा कामांत नौदलाचा सराव उपयोगी पडतो, यात शंका नाही.

ग्रेट निकोबारचा प्रकल्प मात्र वेगळ्या जातीचा आहे. नीती आयोगाने कल्पिलेल्या या योजनेत गॅलथिया उपसागरात ट्रान्सशिपमेंट बंदर, म्हणजे महाकाय जहाजांवरील कंटेनर लहान जहाजांवर चढवून पुढे धाडण्याचे बंदर, शिवाय विमानतळ, वीज प्रकल्प आणि वसाहत येते. त्यासाठी सुमारे १३० चौरस किलोमीटर वनजमीन वळवली जाणार आहे. बंदराची जागा लेदरबॅक कासवांच्या विणीची आहे, बेटाच्या अंतर्भागात शोंपेन हा अत्यल्प संख्येचा आदिवासी समाज राहतो, आणि २००४च्या त्सुनामीनंतर किनाऱ्यावरची गावे सोडावी लागलेले निकोबारी कॅम्पबेल बे परिसरातील वस्त्यांतून मूळ जागी परतण्याची मागणी करत आहेत. सामरिक नकाशावर मलाक्काच्या सामुद्रधुनीकडे पाहणाऱ्या अधिकाऱ्याला या बेटाचे महत्त्व पटवून द्यावे लागत नाही. किंबहुना ते इतके उघड वाटते की बाकीचे प्रश्न अंमलबजावणीतील तपशील भासण्याचा धोका असतो, आणि नौदलाच्या शिक्षणाची मर्यादा या लेखाच्या मते तेथेच आहे. जहाजावर दिशा बदलण्यासाठी खलाशांची संमती घ्यावी लागत नाही, येथे मात्र रहिवाशांची संमती हा निर्णयाचाच भाग आहे. स्थानिक आदिवासी परिषदेने ऑगस्ट २०२२ मध्ये दिलेले ना-हरकत पत्र नोव्हेंबरमध्ये मागे घेतले. जमिनीत आदिवासी राखीव क्षेत्रही येते, हे आपल्याला नीट सांगितले गेले नाही, अशी तिची तक्रार होती. त्याच महिन्यात पर्यावरण मंजुरी मिळाली. एप्रिल २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने त्या मंजुरीच्या फेरतपासणीसाठी समिती नेमली, आणि पुढे हा वाद कोलकाता उच्च न्यायालयातही गेला.