जमिनीवरचा अंधार

गेल्या वर्षी वसुबारसेच्या संध्याकाळी आमच्याकडची वीज गेली. वसईकराला यात नवल वाटण्यासारखे काही नाही. मी नि माझा भाचा पापडीहून पायीच घराकडे निघालो होतो. माझ्या हातात पणत्यांची पिशवी, त्याच्या हातात झेंडूचा पुडा. त्याच्या मोबाईलने वाटेतच मान टाकलेली, माझा घरी राहिलेला. तरी मी ऐटीत म्हणालो, "चल रे! साठ वर्षे या वाटेने जातोय. डोळे बांधलेस तरी नेईन."

केळीच्या वाडीच्या कोपऱ्यावर उजवीकडे वळायचे, ही माझी लहानपणापासूनची खूण. पण आता वाडी कुठली नि केळी कुठल्या! तिथे सात मजल्यांची इमारत उभी आहे, आणि अंधारात सगळ्याच इमारती एका आईची लेकरे दिसतात. मी वळलो तो थेट कुंपणाच्या भिंतीपाशी. परतलो, दुसरे वळण घेतले, तिथे कुत्र्यांनी आमचे यथास्थित स्वागत केले. तिसऱ्या वळणाला भाच्याने माझा दंड धरला. "मामा, थांबा. आपण कुठे आहोत ते कळेपर्यंत आता एक पाऊलही नको."

त्याचा आवाज मला जरा वेगळा वाटला. हा माझा भाचा विमानात को-पायलट आहे. पस्तीस हजार फुटांवरून जाणारा माणूस पापडीच्या गल्लीत घाबरला, म्हणून मी त्याची थट्टा केली. तो हसला नाही. आम्ही एका ओट्यावर बसलो, आणि वीज येईपर्यंत त्याने जे सांगितले ते त्याने आईलाही सांगितले नव्हते.

विमानाची भीती म्हटली की आम्हा इकडच्या लोकांच्या मनात आकाशच येते. त्याला कारणही आहे. १९६८ सालच्या २८ मे रोजी सांताक्रूझहून उडालेले इंडोनेशियाचे 'गरुडा' कंपनीचे विमान नालासोपाऱ्याजवळ बिलालपाड्याला कोसळले आणि आतली सर्व २९ माणसे गेली. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो. पुढे कित्येक दिवस रात्री विमानाचा आवाज आला की आजी अंथरुणात उठून बसे. म्हणून भाचा जेव्हा म्हणाला, "मामा, वर मला भीती वाटत नाही, रात्री खाली उतरल्यावर वाटते," तेव्हा मला ते खरेच वाटेना.

विमान आपल्या चाकांवर चालवत नेण्याला हे लोक 'टॅक्सी करणे' म्हणतात. (माझ्या डोळ्यांपुढे अर्थातच काळीपिवळी आली.) पण या टॅक्सीचा चालक पहिल्या मजल्याच्या गॅलरीत बसल्यासारखा उंच बसतो, पुढचे चाक त्याच्या पाठीमागे असते, आणि पंखांची टोके इतकी लांब की अंधारात त्यांचा अंदाजच घ्यायचा. वळणावर नाक वाटेबाहेर गेले तरी धीर धरायचा, मग वळायचे. वाट चुकली तर गाडीसारखे मागे घेता येत नाही. ढकलायला ट्रॅक्टर बोलवावा लागतो.

"आणि दिवे?" मी विचारले. "दिवे आहेत ना एवढे!"

"तेच तर! धावपट्टीच्या कडेला पांढरे, टॅक्सी-वेच्या कडेला निळे, मधल्या रेघेवर हिरवे, आणि थांबायच्या जागी तांबडे. कागदावर अगदी सोपे. पण पाऊस पडला, जमीन आरशासारखी चमकू लागली की प्रत्येक दिव्याचे दोन होतात, रंगवलेल्या रेघा पुसल्यासारख्या होतात, आणि समोर नुसते निळ्या काजव्यांचे रान. त्यातला कुठला काजवा आपल्या वाटेचा?"

मुंबईत तर दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. चुकीच्या चौकात पाऊल पडले तर काय, हे त्याने मला बोलून दाखवले नाही. मात्र तैपेईची गोष्ट सांगितली. ३१ ऑक्टोबर २००० ची रात्र, वादळी पाऊस, सिंगापूर एअरलाइन्सचे विमान. हिरव्या दिव्यांची ओळ वळून एका धावपट्टीत शिरत होती, विमानही तिच्यामागे वळले. ती धावपट्टी दुरुस्तीसाठी बंद होती. खरी पट्टी तिच्याच शेजारी, तिच्याकडे जाणारे दिवे विरळ. विमान भरवेगात बांधकामाच्या यंत्रांवर आदळले. १७९ पैकी ८३ जण गेले. आणि २ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर तटरक्षक दलाचे छोटे विमान रात्री धावपट्टीवर येऊन उभे राहिले, त्याच्यावर उतरते प्रवासी विमान आदळले. मोठ्या विमानातली ३७९ माणसे वाचली, छोट्यातल्या सहापैकी पाच गेली. तिथले थांबा सांगणारे तांबडे दिवे त्या दिवशी बंदच होते.

मला आमच्या पाचूबंदरच्या कोळ्यांची आठवण झाली. भर समुद्रात वल्हवताना ते गाणी म्हणतील, पण रात्री खाडीच्या तोंडाशी आले की होडीत कुणी बोलत नाही.

मग त्याने स्वतःचे सांगितले. जुलैतली रात्र, परगावचा विमानतळ, मुसळधार पाऊस. नकाशा पाहून वाट सांगायचे काम याचे. याने "डावीकडे" म्हटले. कॅप्टन वळू लागला, आणि वळता वळता यालाच शंका आली. गप्प राहावे तर? एवढ्या ज्येष्ठ माणसापुढे आपली चूक कशी कबूल करायची? "दोन सेकंद गेले असतील, मामा. ते दोन सेकंद मला अजून झोपू देत नाहीत." मग तो ओरडला, "सर, थांबा!" विमान थांबले. कॅप्टनने टॉवरला शांतपणे कळवले की आम्ही कुठे आहोत ते आम्हाला समजत नाही. पिवळा दिवा लावलेली जीप आली आणि तिने वाट दाखवत यांना जागेवर नेले. डाव्या हाताला पुढे होती ती चालू धावपट्टी.

"कॅप्टन रागावले?"

"नाही. चहा पाजला. पण उतरताना एक गृहस्थ मला म्हणाले, 'गाडी चालवता येत नाही, विमान कशाला चालवता?' वीस मिनिटे उशीर झाला होता ना."

मी गप्प बसलो. दोन वर्षांपूर्वी नागपूरहून येताना विमान उतरून अर्धा तास उभे राहिले, तेव्हा सगळ्यांत मोठ्या आवाजात कुरकुर करणारा मीच होतो. हे मी त्याला त्या रात्री सांगितले नाही. आता छापून आल्यावर वाचेलच.

वीज आली तेव्हा पाहतो तो काय, आम्ही आमच्याच घरामागच्या ओट्यावर बसलो होतो! ताई खिडकीतून ओरडली, "अरे, दिवे कुठायत? गाय-वासरू केव्हाचं खोळंबलंय!"

पाडव्याच्या रात्री त्याची ड्यूटी होती. ताई विमान उडाल्याचा निरोप आला की निश्चिंत होऊन झोपते. त्या रात्री ती झोपली. मी कंदिलाखाली आरामखुर्ची टाकून बसलो. बारा वाजले, साडेबारा झाले. उतरल्याचाही निरोप आला, तरी मी उठलो नाही. आणखी अठरा मिनिटांनी मोबाईल वाजला. दोनच शब्द होते: "मामा, लागलो."

मी उठून कंदिलाचा दिवा मालवला.