झाकण

मामेभावाच्या अमेरिकेतल्या घरी, तळघरात, बिअरचे चार केग ओळीने उभे होते. प्रत्येक सुमारे 19 लिटरचा. बिअर त्याने स्वतः आंबवलेली. चौघांना कार्बन डायऑक्साइड पुरवणारे सिलिंडर मात्र एकच. मी गेलो तेव्हा तो साबणाचे पाणी लावून एकेक सांधा तपासत होता. एका केगची गळती रात्रीतून सगळे सिलिंडर रिकामे करते, असा त्याचा अनुभव. थंड बिअर वायू अधिक धरून ठेवते. तापमान वाढले, की तेवढाच वायू तिच्यात राखायला दाब वाढवावा लागतो. शिवाय गव्हाच्या बिअरला फेस जास्त हवा असतो. म्हणून प्रत्येक केगला वेगळा रेग्युलेटर, आणि एकीतली बिअर नळीतून दुसरीकडे जाऊ नये यासाठी एकाच दिशेने उघडणारी झडप. त्याने एका केगचा दाब सोडला. फुस्स असा आवाज झाला आणि मी कसाऱ्याला पोचलो.

घाटाची 1:37 ची चढण चढण्यासाठी गाड्यांना तेथे जादा इंजिने जोडली जात. ब्रेकच्या नळ्या सोडताना असाच आवाज येई. स्टेशनापासून अर्ध्या तासाच्या वाटेवरल्या पाड्यात आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींचे घर होते. चैत्रात पहाटे वेचलेली मोहाची फुले त्या वाळवून ठेवत, मग पाण्यात आंबत घालत. एक किलो साखर पूर्ण आंबली तर जवळजवळ अडीचशे लिटर वायू निघतो. पण मडक्याच्या तोंडाला नुसते फडके बांधलेले असल्यामुळे तो आपला निघून जाई. दाब हा प्रश्नच नव्हता. प्रश्न होता 1949 च्या दारूबंदी कायद्याचा. धाडीची कुणकुण लागली, की मडक्यांतले सारे प्लास्टिकच्या कॅनमध्ये ओतले जाई आणि कॅन पाल्याखाली जात. (वर्तमानपत्रे याला ‘रसायन’ म्हणतात. काव्यशास्त्र शिकवणाऱ्याला हेवा वाटावा असा शब्द.)

मी दहा-अकरा वर्षांचा असेन. त्या संध्याकाळी मीही पाला ओढायला होतो.

“झाकण ढिलंच ठेव रं पोरा,” मावशी म्हणाल्या होत्या.

पण वास सुटेल, कोणाला कळेल, या धास्तीने निघताना मी पाचही झाकणे घट्ट आवळली. मदत म्हणूनच. रात्री दोन कॅन फुटले. सकाळी त्या वासावरूनच बाकीचे सापडले आणि मावशींच्या नवऱ्याला घेऊन गेले. ‘घुसमट’ हा शब्द मी वर्गात फळ्यावर इतक्यांदा लिहिला आहे, की त्याला आता काही वजन उरलेले नाही. उरलेल्या तीन कॅनच्या बाजू फुगून गोल झाल्या होत्या, हे मात्र लख्ख आठवते.

त्या पैशांतून पावसापूर्वी घर शाकारायचे होते. ते राहिले. झाकणे कोणी आवळली, हे मावशींनी कधी विचारले नाही. मीही सांगितले नाही.

मामेभावालाही यातले काही बोललो नाही. त्याच्या देशाने 1978 साली कायदा करून घरगुती बिअरला मोकळीक दिली, हे तो मला दुसऱ्यांदा सांगत होता.