रुपेरी काठाचा कायदा

रेंटन, 9 जुलै

इथं रात्री नऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे जेवणं झाल्यावरही डाव मांडता येतो. नातवानं आज बापाचा जुना पत्र्याचा डबा काढला. आत ‘मॅजिक: द गॅदरिंग’ची कार्डं. रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञाचा हा 1993 मधला खेळ. तो छापणाऱ्या विझार्ड्स ऑफ द कोस्ट कंपनीचं कार्यालय याच गावात आहे. जमिनीची कार्डं मांडायची, ती आडवी करून ‘माना’ नावाची शक्ती मिळवायची, त्या शक्तीवर क्रीचर, म्हणजे लढणारे जीव, आणायचे, मंत्र टाकायचे आणि समोरच्याचे 20 प्राण शून्यावर आणायचे. मुख्य रीत एवढीच. पण तिच्या नियमावलीसमोर आमचा दिवाणी प्रक्रिया संहितेचा ग्रंथही शहाणा वाटावा.

डब्याच्या तळाशी रबरबँड लावलेली एक वेगळी थप्पी होती. बाकी कार्डांचा काठ काळा नाहीतर पांढरा, हिचा रुपेरी. “ती थट्टेची आहेत आजोबा, स्पर्धेत चालत नाहीत,” नातू म्हणाला. ऑगस्ट 1998 मध्ये निघालेला हा ‘अनग्लूड’ संच, रचनाकार मार्क रोझवॉटर. मी वाचायला घेतला आणि चहा निवला.

10 जुलै

वाचनाला सुरुवात ‘ॲशनॉड्स कूपन’पासून. कार्ड आडवं करा, त्याचा बळी द्या, मग तुम्ही बोट दाखवाल त्या खेळाडूनं तुम्हाला तुम्ही सांगाल ते पेय आणून द्यायचं. खाली लगेच शुद्धिपत्र: पेयाचा खर्च कार्ड वापरणाऱ्याचा. मसुदा करणाऱ्याला मी इथंच दाद दिली. हे परंतुक नसतं तर पहिल्याच डावात भांडण लागलं असतं. नातवानं कूपन माझ्यावर चालवलं आणि मला फ्रीजपर्यंत जाऊन लिंबू सरबत आणावं लागलं. दुकानातून आणायला सांगितलं असतं तर पैसे त्याचे, पायपीट मात्र माझीच. पायपिटीबद्दल कार्ड काही बोलत नाही.

दुसरं ‘हर्लून रँगलर’. विरोधकाच्या अंगावर डेनिमचा कुठलाही कपडा असेल तर या क्रीचरला अडवता येत नाही. मी लेंग्यात, त्यामुळे निर्धास्त. मुलगी जीन्स घालून खेळायला बसली आणि तिचे सहा प्राण गेले. “मग मी बदलून येते,” म्हणाली. मी निकाल दिला: अडवण्याची वेळ येईल त्या क्षणी अंगावर काय आहे ते पाहायचं, आधीचं-नंतरचं नाही. वॉर्डरोबपर्यंत जायला डाव थांबवून मिळणार नाही.

12 जुलै

आज पाऊस, म्हणून मोठा डाव. ‘केऑस कॉन्फेटी’.

याला पूर्वपीठिका आहे. 1993 च्या पहिल्या संचात ‘केऑस ऑर्ब’ नावाचं कार्ड होतं. ते निदान एक फूट उंचीवरून टाकायचं, पडताना एक तरी पूर्ण कोलांटी व्हायला हवी, आणि ज्या कार्डांवर पडेल ती नष्ट. पुढे स्पर्धांतून त्याला हद्दपार केलं गेलं. खेळाडूंत एक दंतकथा चालते: कुणा बहाद्दरानं म्हणे ऑर्ब फाडलं आणि तुकडे समोरच्याच्या सगळ्या कार्डांवर उधळले. अनग्लूडनं त्या दंतकथेचंच कलम केलं: कार्ड फाडा, निदान पाच फुटांवरून तुकडे डावावर फेका, तुकडा ज्याला लागेल ते कार्ड नष्ट, आणि शेवटी ते तुकडे खेळातून बाद.

मूळ कार्ड फाडायला जावयांनी साफ नकार दिला. झेरॉक्सवर भागवलं. नातवानं कागद नखांएवढा बारीक केला, मी बांधकामाच्या टेपनं पाच फूट मोजून जमिनीवर खडूची रेघ मारली. त्यानं मूठ उघडली. बरेचसे कपटे गालिच्यावर गेले, दोन माझ्या क्रीचरवर, एक त्याच्या स्वतःच्याच जंगलाच्या कार्डावर. तो कुरकुरला. पण कलमात ‘विरोधकाचं’ असा शब्दच नाही. लागेल ते जाईल. खरा वाद एका कपट्याचा. तो दुसऱ्या कपट्यावर चढला होता आणि खालचा माझ्या किल्ल्याला चिकटला होता. किल्ला खालच्यानं गेला, हे कबूल. पण वरच्याचं टोक शेजारच्या कार्डावर अधांतरी होतं. मी भिंग मागवलं. खाली उजेडाची बारीक फट दिसली. कार्ड वाचलं. नातू म्हणाला, “आजोबा, तुम्ही फार गंभीर होता!”

अरे, गंभीर झालो म्हणूनच तू हसलास. “जाऊ दे, चालेल” म्हटलं असतं तर उरला असता नुसता कचरा. तुकडे खेळातून बाद करण्याचं शेवटचं कलम केरसुणीनं पार पडलं. ते मुलीनं नातवाकडूनच पुरं करून घेतलं.

13 जुलै

‘बी. एफ. एम.’ हा राक्षस एका कार्डात मावत नाही. डावं आणि उजवं अशी दोन लागतात. मजकूरही दोन्हींवर आडवा पसरलेला, खरेदीखताची पानं उसवून शेजारी ठेवल्यासारखा. ताकद 99, चिवटपणा 99. हातात एकच अर्धा आला तर तो घेऊन बसायचं. मी संध्याकाळभर डावा अर्धा घेऊन बसलो.

15 जुलै

2004 च्या ‘अनहिंज्ड’ संचातलं ‘चीटीफेस’. हे कार्ड मोबदला न देता डावात गुपचूप सरकवायला परवानगी आहे. विरोधकानं तिथल्या तिथं पकडलं तर तो ते बाहेर काढू शकतो. मी चहा गाळत असताना नातवानं सरकवलं. मला ते दिसलं तोवर त्याच्या दोन खेळी होऊन गेल्या होत्या. तक्रार मुदतबाह्य. माझ्याच तोंडचा शब्द त्यानं माझ्यावर उलटवला.

18 जुलै

आज जावयांनी एक गोष्ट सांगितली, ती मला आवडली. अनग्लूडमध्ये ‘द चीज स्टँड्स अलोन’ नावाचं कार्ड आहे: हातात एकही कार्ड नसेल आणि डावात तुमचं या कार्डाखेरीज काहीच नसेल तर तुम्ही जिंकलात. 2007 मध्ये हीच कल्पना ‘बॅरन ग्लोरी’ नावानं काळ्या काठात, म्हणजे अधिकृत खेळात आली. अनग्लूडमधल्या पूर्ण चित्रांच्या जमिनींचंही तसंच. पुढे गंभीर संचांनी ती पद्धत उचलली.

2022 च्या ‘अनफिनिटी’ संचात मात्र रुपेरी काठ गेला. थट्टेच्या कार्डावर आता खाली ओकच्या फळाच्या आकाराचा छोटा शिक्का असतो, आणि शिक्का नसलेली कार्डं काही प्रकारच्या खेळांत अधिकृत धरली जातात. मला हे पटलं नाही. काठ दुरून दिसायचा. शिक्का शोधायला मला पुन्हा भिंग लागलं.

20 जुलै

पुण्याहून मित्राचा फोन. त्याच्या नातीसाठी ही थट्टेची कार्डं घेऊन ये म्हणाला. त्याला सांगितलं ते इथंही लिहून ठेवतो: आधी साधा डेक घ्या, निदान महिनाभर नीट नियमांनी खेळा, मगच रुपेरी काठाला हात लावा. आणि कॉन्फेटी झेरॉक्सचीच फाडा.