रिकामी गव्हाण

बालमित्रांनो, नाताळ म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? बर्फ, लाल टोपी आणि पांढरी दाढी! होय ना? मग चला, आज माझ्याबरोबर वसईला. आमचा नाताळ केळीच्या बागांमधला, बरं का!

वसई रोड स्टेशनवर उतरून समुद्राच्या बाजूला निघालात, की पापडी, गिरिज, निर्मळ अशी गावं लागतात. निर्मळला शंकराचार्यांचं मंदिर आहे आणि होली क्रॉस चर्चही आहे. पोर्तुगीजांनी १५३४ मध्ये वसई घेतली. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी ती जिंकली आणि पोर्तुगीज गेले. पण इथले ख्रिस्ती याच मातीतले. ते कुठे जाणार? त्यांच्या घरातली बोली मराठीच राहिली.

चर्चमध्ये मात्र प्रार्थना लॅटिनमध्ये चालायची. आजी सांगायची, "आम्ही पोपटासारखं म्हणायचो, अर्थ कोणाला ठाऊक!" १९६२ ते १९६५ या काळात व्हॅटिकनला मोठी धर्मसभा भरली आणि लोकांच्या भाषेत प्रार्थना करायला मोकळीक मिळाली. मग आमची नाताळची मिस्साही मराठीत होऊ लागली.

आमच्या घरचा गोठा आजोबा करायचे. येशूचा जन्म झाल्यावर त्याला गुरांच्या गव्हाणीत निजवलं होतं ना, तोच हा गोठा. त्यावर आमच्याच शेतातला पेंढा. बारा दिवस आधी मी करवंट्यांत नाचणी पेरायचो. तिचे हिरवे कोंब म्हणजे गोठ्यापुढचं कुरण! गव्हाण मात्र चोवीस तारखेच्या रात्रीपर्यंत रिकामी. मिस्सेहून आलो, की आजोबा बाळ येशूची मूर्ती तिथे अलगद ठेवायचे.

मी दहा वर्षांचा असताना, ऐन पावसाळ्यात आजोबा गेले. दुखवट्यामुळे त्या डिसेंबरात घरावर चांदणी नाही, करंज्या नाहीत, कुलकुल नाहीत. मला राहवेना. विहिरीमागे लपवून मी नाचणी पेरलीच.

चोवीस तारखेला आजी पाणी शेंदायला गेली आणि तिनं ते कोंब पाहिले. आता रागावणार! पण ती मुकाट्यानं घरात गेली आणि मूर्तींची पेटी घेऊन आली.

"गोडधोड नको," ती म्हणाली, "पण बाळाला जागा नको का?"

गोठा मीच केला. जरा वाकडाच झाला. त्या रात्री आजीनं बाळ येशू माझ्या हातात दिला. माझे हात थरथरत होते.

सकाळी शेजारच्या काकू झाकलेलं ताट घेऊन आल्या. दरवर्षी त्यांच्या दिवाळीचं ताट आमच्याकडे यायचं, आमच्या नाताळचं त्यांच्याकडे जायचं. या वर्षी नाताळच्या करंज्याही त्यांनीच केल्या होत्या!

मित्रांनो, नाताळात वसईला आलात, तर एखाद्या गोठ्यापुढे जरूर थांबा. चांदण्या तर लांबूनही दिसतात. तुम्ही मात्र वाकून ते हिरवे कोंब बघा. कोणीतरी ते बारा दिवस आधी पेरलेले असतात.